छातीभर मका

सुताराचे सासरे त्याच्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, शिवीगाळ नव्हती, नुसतं बोलत नसत. बापानं पसंत केलेलं स्थळ मोडून पोरीनं एका रंधा मारणाऱ्याचा हात धरला, हे त्यांच्या मनातून काही केल्या जात नव्हतं. लग्नाला वर्षं लोटली, नातवंडं शाळेत जायला लागली, पण सुंभ जळला तरी पीळ कायम. जावई समोर बसलेला असला तरी म्हातारा मुलीला विचारायचा, "त्यांना विचार, चहा घेणार का?"

"घेतो की मामा," जावई म्हणायचा.

म्हातारा पुन्हा मुलीकडे बघायचा. "काय म्हणाले?"

मुलगी कपाळावर हात मारून चहा टाकायला जायची.

सासरे पशुखाद्याच्या कारखान्यात मुकादम होते. मका येणार, मोजला जाणार, पत्र्याच्या उंच गोल कोठीत भरला जाणार आणि कोठीच्या तळाशी फिरणाऱ्या लांबलचक स्क्रूवरून दळायला जाणार, हा सगळा कारभार त्यांच्या हाताखाली. त्याच कारखान्यात नव्या ऑफिसच्या भिंतींना लाकडी फळ्या लावायचं काम सुताराला मिळालं. ते दिलं इंजिनीअर बाईंनी, आणि मुकादमांना न विचारता दिलं. त्यामुळे गेला महिनाभर सासरे-जावई एकाच आवारात वावरत होते आणि मुकादम ऑफिसच्या दारावरून जाताना मान वळवून कोठीकडे बघत जात होते, जणू कोठी आजच उभी राहिली आहे.

त्या दिवशी सकाळी मका ओला आला होता. बाई वजनकाट्यावर माल पाठवणाऱ्याशी वाद घालत उभ्या होत्या. आधीचाही मका दमटच होता, आणि तो कोठीत आतल्या आत घट्ट गठ्ठा धरून बसला होता. वरून पाहावं तर कोठी निम्मी भरलेली, आणि खाली स्क्रू नुसता रिकामा फिरतोय. दळणाची यंत्रं उपाशी, बाहेर गाड्यांची रांग. मुकादमांच्या डोक्यात तिडीक गेली.

स्क्रू चालू असताना कोठीत कुणी उतरायचं नाही, हा नियम बाईंनी आल्या आल्या केला होता. तो मोडला म्हणून दोघा कामगारांना घरी बसवलं होतं खुद्द मुकादमांनी. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते खोटं नाही. त्यांनी बटणरावाला फोन लावला. बटणराव म्हणजे यंत्रांच्या बटणांपाशी बसणारा माणूस. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवायचं.

"स्क्रू चालू राहू दे," मुकादम म्हणाले. "वर सगळा पापुद्रा धरलाय. मी आतून जरा ढोसतो. चालू असला की लगेच धावायला लागेल."

"पण मुकादम, मॅडम..."

"मॅडमना गाड्या मोजू दे."

फोन चालूच ठेवून खिशात टाकला आणि कमरेला दोर बांधून, दुसरं टोक वरच्या कठड्याला अडकवून, हातात लोखंडी गज घेऊन ते कोठीच्या माथ्यावरच्या दारातून आत उतरले. मक्याचा वरचा थर पायाला घट्ट लागला. ते दोन पावलं चालले आणि गज मारला.

सुतार तेव्हा ऑफिसात फळीवर खूण करत होता. बाहेर कुणीतरी पळत आलं, अडखळलं, पुन्हा उठलं. दारात बटणराव. तोंडाचा रंग उडालेला.

"मुकादम मक्यात गेले!"

"गेले म्हणजे?"

"म्हणजे... आत गेले! मका एकदम सुटला. फोनवर ओरडले आणि आवाज बंद. मी स्क्रू थांबवला, पण..."

पुढचं ऐकायला सुतार थांबला नाही. कोठीच्या बाहेरून गोल चढत गेलेला लोखंडी जिना तो कसा चढला ते त्याला नंतर कधी आठवलं नाही. वरच्या दारातून त्यानं आत डोकावलं. आंबूस वासाची गरम धूळ तोंडावर आली. डोळे सरावले तसं खाली दिसलं: पिवळ्या मक्याची खोल वाटी झाली होती आणि वाटीच्या मधोमध एक डोकं, दोन खांदे आणि दोराला घट्ट धरलेला एक हात. बाकीचा माणूस मक्यात होता. एका बाजूला, पत्र्याला चिकटून, धरलेल्या मक्याचा कडा उभा होता. दोन पुरुष उंच, काळपट, बुरशीनं जाळं धरलेला.

"मामा!"

डोकं हललं. मान मात्र वर झाली नाही.

खाली तोवर कारखाना गोळा झाला होता आणि जितकी डोकी तितक्या अकला. एक म्हणाला, तळाचं दार उघडा, मका निघून गेला की मुकादम आपोआप मोकळे. दुसरा गाडी जोडून दोर ओढायला निघालेला. तिसऱ्यानं पत्रा कापायचं गॅसचं यंत्र आणायला माणूस पिटाळलाही होता.

इंजिनीअर बाई काट्यावरून धावत आल्या त्या सरळ तळाच्या दारापाशी जाऊन पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ह्या दाराला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. धाप लागली होती, पण आवाज थरथरत नव्हता. "चालता मका म्हणजे पाणी. खालून सोडलात तर मधला मका भोवऱ्यासारखा खाली ओढला जाईल आणि मुकादम त्याच्याबरोबर जातील. चिमूटभरसुद्धा हलता कामा नये."

"मग दोरानं ओढू ना!"

"थांबलेला मका पाणी नसतो, भिंत असते. छातीपर्यंत भिंतीत चिणलेल्या माणसाला गाडीनं ओढाल? पाठ मोडेल. आणि ते गॅसचं यंत्र लांब न्या. आतली धूळ पेटली तर आपल्यातला एकही राहणार नाही."

गर्दी मागं सरली. सुतार जिन्यावरून उतरून त्यांच्यासमोर आला.

"मग करायचं काय?"

"फायरब्रिगेडला फोन केलाय. गावाच्या दुसऱ्या टोकाहून येतायत." बाईंनी ओठ चावला. "त्यांच्याभोवती आडोसा उभा करायचा. चार बाजूंनी पत्रे किंवा फळ्या मक्यात खुपसायच्या, म्हणजे बाहेरचा मका आत यायचा थांबेल. मग आतला डब्यानं उपसायचा. विहिरीला कठडा बांधून गाळ काढतात तसं. पण वरचं दार एवढंसं. त्यातून जाईल असा पत्रा आपल्याकडे नाही."

"फळ्या आहेत," सुतार म्हणाला. "ऑफिसच्या. वीतभर रुंद. एकीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला त्यात बसणारी पट्टी."

"कोपरे कसे जोडाल? ठोकाठोक नाही चालणार. तो कडा पडेल."

सुतारानं क्षणभर विचार केला. "कोपरे ठेवतच नाही. गोल करतो. पिंप असतं ना, तसं. खाच जरा सैल आहे, एकेक फळी थोडी थोडी वळवत नेता येईल. पण बाहेरून मक्याचा दाब आला तर आत कोसळेल का?"

बाईंनी डोळे मिटून हवेत बोटानं एक वर्तुळ काढलं. "नाही," त्या म्हणाल्या. "गोल असेल तर उलट. बाहेरून दाब येईल तशा फळ्या एकमेकींत घट्ट होतील. कापा."

करवत चालली तशी कधी चालली नव्हती. कमरेहून जरा उंच अशा फळ्या, खालचं टोक तिरकं छाटून अणकुचीदार केलेलं. लोक साखळी करून त्या जिन्यावरून वर पाठवू लागले. उंचावर पत्रा रंगवणारे पडू नये म्हणून अंगाला बांधतात तो पट्टा कुणीतरी आणला. बाईंनी तो हातात धरला आणि सुताराकडे पाहिलं.

"तो कडा कधीही सुटू शकतो. तुम्ही आत जा असं मी म्हणू शकत नाही."

"म्हणू नका. पट्टा बांधा."

तो दोरावरून उतरला तेव्हा आधी दारातून मावतील असे प्लायवूडचे दोन तुकडे मक्यावर टाकून घेतले आणि त्यावरच पाय ठेवले. एवढ्या हलक्या पावलानं तो आयुष्यात चालला नव्हता. तरी प्लायवूडखालून दाणे सरसरले आणि घरंगळत मुकादमांच्या गळ्याशी जाऊन थांबले. तो गोठल्यासारखा उभा राहिला. वर दारात बाईंचा चेहरा आणि टॉर्च.

"कोण आहे?" मुकादमांनी विचारलं. आवाज फुटक्या भात्यासारखा.

"मी आहे, मामा."

म्हाताऱ्यानं तोंडातली धूळ थुंकली. मग, "दुसरं कुणी मिळालं नाही का?"

सुतार चमकला. म्हातारा त्याच्याशी बोलला होता. मध्ये मुलगी नाही, "त्यांना सांग" नाही. थेट.

"नाही मिळालं," तो म्हणाला. "सगळे कामात होते."

त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाला फडकं बांधून दिलं. मुकादमांचा चेहरा जांभळट पडला होता. "श्वास... सोडला की... मका आत सरकतो," ते म्हणाले. "मग घ्यायला... जागा राहत नाही."

"बोलू नका. श्वास थोडा थोडा सोडा."

"तू... मला शिकवू नकोस."

पहिली फळी त्यानं म्हाताऱ्याच्या पाठीमागे रोवली. नुसती दाबून ती जाईना. दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे डोलवली की बोटभर खाली, पुन्हा बोटभर. हातोडा उचलायची परवानगी नव्हती. दुसरी फळी पहिलीच्या खाचेत. तिसरी. घाम डोळ्यांत जाऊन झोंबत होता, धुळीनं घसा कोरडा ठाक. प्रत्येक फळीला मका जरासा हलायचा, आणि तो हलला की दोघेही श्वास रोखून कड्याकडे बघायचे. कड्यावरून एखादा दाणा सुटायचा आणि टकटक करत खाली यायचा.

"खाच... नीट बसली नाही," मुकादम पुटपुटले. "डावीकडची."

सुतारानं पाहिलं. खरंच बसली नव्हती. त्यानं ती पुन्हा बसवली. "आता?"

"आता ठीक."

शेवटची फळी कड्याच्या बाजूची होती. ती बसवायला त्याला कड्याकडे पाठ करून उभं राहावं लागलं. हात मात्र थांबले नाहीत. फळी खाचेत सरकली, वळसा पुरा झाला. त्यानं भोवती दोराचा फेरा घट्ट बांधला आणि वरून आलेला प्लॅस्टिकचा डबा आत घातला.

पहिल्या काही डब्यांत काहीच फरक पडला नाही. मग मुकादमांच्या बगला दिसल्या. मग त्यांनी एक खोल श्वास घेतला, असा की त्याचा आवाज वर बाईंपर्यंत गेला. वरून कुणीतरी शीळ घातली.

"शिट्ट्या नकोत!" बाई ओरडल्या.

उपसेल तसा सुतार फळ्या एकेक करून आणखी खाली दाबत होता. मुकादमांचा दुसरा हात मोकळा झाला. त्यांनी सुताराच्या हातातला डबा ओढून घेतला आणि स्वतःच उपसायला लागले.

"तू फळ्या बघ," ते म्हणाले. "तुझं काम ते."

मका त्यांच्या कमरेशी आला होता तेव्हा कडा सुटला.

आवाज मोठा नव्हता. कुणी जाड कापड फाडावं तसा. सुतारानं मान वळवली तेव्हा काळपट भिंत मधोमध वाकत होती, आणि मग ती भिंत राहिलीच नाही, पाणी झाली. त्यानं म्हाताऱ्याचं डोकं वाचवायला दोन्ही हात वर्तुळावर पसरले. पायाखालचं प्लायवूड निसटलं. मका गुडघ्यांवर आला, मांड्यांवर आला, आणि त्या सगळ्यात चमत्कारिक वाटलं ते हे, की तो येताना मऊ होता. रेशमासारखा. त्यानं पाय उचलायला बघितलं आणि उचलण्याआधीच तो पोटापर्यंत बुडाला होता. दोर एकदम ताणला, पट्टा बरगड्यांत रुतला.

मग सगळं थांबलं. आणि थांबल्या क्षणी ते रेशीम सिमेंट झालं.

धूळ इतकी, की टॉर्च नुसता पिवळा ठिपका दिसत होता. फळ्या करकरत होत्या. एक... दोन... सगळ्या. पण आत गेल्या नाहीत. बाहेरचा मका वर्तुळाच्या काठाखाली वीतभर अंतरावर थांबला होता.

"मामा?"

"आहे," आतून आवाज आला. मग एक हात काठावरून बाहेर आला, चाचपडला आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर पकडून राहिला. "तू?"

"पाय हलत नाहीत."

आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय. वर लोकांनी घाबरून दोर ओढला आणि सुतार किंचाळला. कुणीतरी कमरेपासून दोन तुकडे करतंय असं वाटलं.

"सोडा! दोर सोडा!" बाईंचा आवाज चिरकला. "नुसता धरून ठेवा! ओढू नका!"

आता त्याला भीती वाटली. इतका वेळ हातांना काम होतं, भीतीला बसायला जागा नव्हती. पायांवरचा दाब वाढत नव्हता आणि कमीही होत नव्हता. एखाद्या मोठ्या जनावरानं तोंडात धरून ठेवावं, चावू नये, तसा. मुलांची शाळा सुटली असेल का, असं काहीतरी मनात आलं. त्याचा श्वास भराभर व्हायला लागला.

"ए," कॉलर हिसडली गेली. "माझ्याकडे बघ. थोडा थोडा सोड. मला सांगत होतास ना?"

"तुम्ही म्हणालात शिकवू नकोस."

"मग शिकवलंस कशाला? आता तूच कर."

हसायची वेळ नव्हती, पण सुताराच्या तोंडून काहीतरी हसण्यासारखं बाहेर पडलं, आणि त्या झटक्यात श्वास पुन्हा ताळ्यावर आला. म्हातारा एका हातानं कॉलर धरून दुसऱ्या हातानं उपसत होता. डबा वर यायचा, मका लांब भिरकावला जायचा, कॉलर सुटायची नाही.

फायरब्रिगेडची माणसं आली ती स्वतःचे पत्रे घेऊन. एका जाडजूड जवानानं वरून पाहिलं, फळ्यांचं पिंप पाहिलं, आणि काही न बोलता कामाला लागला. तोवर मुकादम गुडघ्यांपर्यंत मोकळे झाले होते.

"चला आजोबा, तुम्हाला आधी घेतो."

"आधी ह्याला."

"तुम्ही वर गेलात तरच आम्हाला उभं राहायला जागा होईल."

मुकादम तिथंही वाद घालणार होते. सुतार म्हणाला, "जा ना मामा. कॉलर फाटेल."

ते गेले. दोरावर लोंबकळत वर जाताना खाली बघून सूचना देत गेले: पत्रा तिरका घाला, त्याच्या बरगडीला लागेल, अहो तिरका! वर पोचताच त्यांचे पाय लटपटले आणि बाईंनी त्यांना धरलं, तरी ते दारापासून हटेनात. शेवटी बाईंनीही नाद सोडला आणि त्यांच्या शेजारीच पालथ्या पडून टॉर्च धरून राहिल्या.

सुताराला काढायला बराच वेळ लागला. मका मांड्यांखाली गेला तेव्हा पायांत मुंग्यांचं वारूळ फुटलं आणि तो मोठ्यानं रडला. जवान म्हणाला, "रडा, रडा, म्हणजे रक्त फिरतंय." दारातून बाहेर आल्यावर त्याला ऊन दिसलं, जिना दिसला, आणि मग त्यानं डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी-शेजारी लावल्या होत्या. मुलगी आली. ती दारात उभी राहून एकदा नवऱ्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. कुणाकडे आधी जावं ते तिला कळेना, म्हणून ती दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसली आणि पदराला तोंड पुसलं.

"बाबा, कुणी सांगितलं होतं आत उतरायला?"

"कुणी नाही. मीच."

"आणि स्क्रू?"

"मीच चालू ठेवायला लावला." म्हातारा छताकडे बघत होता. "मालक आले होते मघाशी. त्यांना वाटलं बाईंची चूक. त्यांना सांगितलं, नियम बाईंचा होता, मोडला मी. त्या इंजिनीअर मुलीला काही बोललात तर मी पोलिसांतही हेच सांगेन."

"आणि तुम्ही हो?" ती नवऱ्याकडे वळली. "घरी दोन पोरं आहेत हे आठवलं नाही?"

"आठवलं," सुतार म्हणाला. "पण तेव्हा आत होतो."

 तिनं एक हात ह्या खाटेवर ठेवला, एक त्या खाटेवर.

कोठीतला मका पुढं पाइप लावून बाहेरूनच ओढून काढला. वरच्या दाराला कुलूप बसलं, आणि स्क्रूची वीज तोडल्याशिवाय त्या कुलपाची किल्ली सुटणार नाही अशी सोय बाईंनी केली. मुकादमांचा डावा पाय पहिल्यासारखा झाला नाही; त्यांनी नोकरी सोडली. रात्री अंगावर जड पांघरूण त्यांना चालेना, थंडीतही पातळ चादर.

सुतार महिन्याभरानं कामाला लागला. एका नव्या इमारतीत दारं बसवायची होती. तो पोचला तेव्हा फाटकाशी वाळूचा ट्रक रिकामा होत होता. मागचा फळका उघडला आणि वाळू सुटली, सरसर, गुळगुळीत, ढिगाच्या अंगावरून पाण्यासारखी उतरत त्याच्या चपलेपर्यंत आली. ढिगापलीकडे गवंडी त्याला हाक मारत होता, या की, थांबलात का? सुतार दोन पावलं मागं सरला. हत्यारांची पिशवी छातीशी धरून तो उभा राहिला. वाळू पडायची थांबली, धूळ बसली. तरी तो आणखी जरा वेळ थांबला. मग ढिगाला लांबून वळसा घालून आत गेला.